‘आनुवंशिक’ की ‘जनुकीय’? : गर्भाशयातील फायब्रॉइडच्या कारणमीमांसेची चिकित्सा

१. प्रस्तावना

गर्भाशयाच्या स्नायुमय भिंतीत वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठीला वैद्यकात फायब्रॉइड किंवा लायोमायोमा म्हणतात. घराघरांत तिला ‘पिशवीतली गाठ’ म्हणतात. ही गाठ दुर्मीळ नाही. अमेरिकेत ३५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांची सोनोग्राफीने पाहणी करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठी गाठ तयार झालेली असते. त्यांतील अनेकींना तिचा कधीच त्रास होत नाही. काहींना मात्र अतिरक्तस्राव, रक्तक्षय, ओटीपोटातील जडपणा, गर्भधारणेतील अडचणी अशा तक्रारींना तोंड द्यावे लागते.

मराठीतील आरोग्यविषयक लेखनात, म्हणजे वृत्तपत्रीय पुरवण्यांत, रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांत आणि सल्ल्याच्या सदरांत, या गाठीच्या कारणांची यादी दिली जाते. ‘आनुवंशिकता’ हे कारण त्या यादीत सहसा असतेच, आणि ते बहुधा एका शब्दातच आटोपलेले असते. प्रस्तुत लेखात या एका शब्दाची चिकित्सा केली आहे. फायब्रॉइडच्या बाबतीत ‘आनुवंशिक’ या संज्ञेखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. त्यामुळे जिथे वंशाचा संबंध नगण्य आहे तिथे वंशाला दोष दिला जातो आणि जिथे वंशाचा संबंध खरोखर आहे तिथे तो नजरेतून सुटतो, असे येथील प्रतिपादन आहे. नवी मुंबईसारख्या स्थलांतरितांच्या शहरात या गोंधळाची किंमत कशी मोजावी लागते, याचाही येथे विचार केला आहे.

२. एका शब्दाचे दोन अर्थ

‘आनुवंशिक’ या शब्दाची फोड ‘अनु’ आणि ‘वंश’ अशी आहे. जे वंशामागून चालत येते ते आनुवंशिक. शब्दाच्या रचनेतच पिढ्यांची साखळी गृहीत आहे. इंग्रजीतील ‘जेनेटिक’ या शब्दाचा रोख मात्र जनुकाकडे आहे. जनुकातील बदल आईवडिलांकडून आलेला असू शकतो, तसाच तो जन्मानंतर चाळीस वर्षांनी शरीरातील एखाद्या पेशीत नव्याने घडलेलाही असू शकतो. ‘जेनेटिक’ हे विशेषण दोन्हींना लागू पडते. पहिला बदल पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो, दुसरा त्या पेशीच्या वंशजांपलीकडे कोठेही जात नाही.

‘जेनेटिक्स’ या शास्त्रासाठी मराठीत ‘आनुवंशिकी’ ही संज्ञा रूढ झाली. मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांतून सुरू झालेल्या शास्त्राला ती शोभणारीही होती. पुढे हे शास्त्र वारशाच्या नियमांपलीकडे जाऊन पेशीच्या अंतर्गत व्यवहारापर्यंत पोहोचले; संज्ञा मात्र तीच राहिली. आज ‘जेनेटिक कॉज’ या शब्दसंहतीचे भाषांतर करताना लेखकाच्या हातून सहजच ‘आनुवंशिक कारण’ असे लिहिले जाते आणि वाचक ‘आईची गाठ मुलीला’ असा अर्थ घेतो. वाचकाची यात चूक नाही. शब्द तेच सांगतो.

मराठीत पर्यायी शब्द नाही, असेही नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर ‘जनुकीय’ हे विशेषण महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यातील चर्चेत थेट बांधापर्यंत गेले. ‘जनुकीय बदल केलेले बियाणे’ असे म्हटल्यावर तो बदल त्या बियाण्याच्या पूर्वजांकडून आला, असे कोणी मानत नाही. शेतीच्या संदर्भात मराठीने जो फरक सहज पचवला, तो स्त्रीच्या शरीराविषयी बोलताना मात्र पाळला जात नाही.

३. गाठीतला बदल : एका पेशीची हकीकत

फायब्रॉइडविषयीचे संशोधन पाहिले, तर ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ यांतील अंतर स्पष्ट होते. १९६५ साली लिंडर आणि गार्टलर या अमेरिकी संशोधकांनी एक साधी युक्ती वापरली. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असली तरी त्यांपैकी एक निष्क्रिय असते. जी-सिक्स-पीडी या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ज्या स्त्रियांमध्ये या विकराची दोन रूपे आढळतात, त्यांच्या गर्भाशयाच्या सामान्य स्नायूत दोन्ही रूपे मिसळलेली दिसतात. गाठीत मात्र एकच रूप दिसले. याचा अर्थ असा, की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. त्याच गर्भाशयातील एका गाठीत एक रूप आणि दुसरीत दुसरे, असेही आढळले. म्हणजे शेजारशेजारच्या गाठींचा आरंभही स्वतंत्रपणे होऊ शकतो.

त्या एका पेशीत नेमके काय घडते, याचे पहिले मोठे उत्तर २०११ साली फिनलंडमधून मिळाले. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी ८० स्त्रियांच्या २२५ गाठी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के गाठींत एमईडी-१२ या एकाच जनुकात उत्परिवर्तन आढळले आणि तेही जनुकाच्या एका छोट्याशा भागात एकवटलेले होते. हे जनुक इतर अनेक जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनसंकुलाचा एक घटक तयार करते. येथे सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की हे उत्परिवर्तन गाठीत होते, पण त्याच स्त्रीच्या गर्भाशयातील निरोगी स्नायूत नव्हते. ते जन्मतः मिळालेले असते, तर शरीराच्या प्रत्येक पेशीत सापडले असते.

इतर गाठींत अन्य बदल आढळतात. काहींत बाराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल होऊन एचएमजीए-२ हे जनुक अवाजवी सक्रिय होते. काहींत गुणसूत्र एकाच घटनेत अनेक ठिकाणी तुटून वेडेवाकडे पुन्हा जोडले गेलेले असते. हा प्रकार २०१३ साली फायब्रॉइडमध्ये नोंदवला गेला. हे बदलही बहुतांशी कायिक, म्हणजे शरीरपेशीत पुढे घडलेले असतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके गाठीची वाढ चालू ठेवतात. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर गाठ सामान्यतः आक्रसते.

येथे ‘कारण’ या शब्दाचेही तीन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. गाठ सुरू का झाली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका पेशीतील जनुकीय बदल हे आहे. गाठ वाढली का, याचे उत्तर संप्रेरकांकडे जाते. गाठीने त्रास का दिला, हे तिच्या आकारावर आणि मुख्यतः जागेवर अवलंबून असते. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी लहान गाठ भरपूर रक्तस्राव घडवू शकते, तर बाहेरच्या बाजूची मोठी गाठ वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. ‘आनुवंशिकता’ या एका शब्दाने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिल्याचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात एकाचेही उत्तर मिळत नाही.

४. वंशाने येणारा खरा भाग

फायब्रॉइडमध्ये वंशाचा भाग मुळीच नाही, असे म्हणणे ही विरुद्ध टोकाची चूक ठरेल. आई किंवा बहिणीला फायब्रॉइड असल्यास स्त्रीचा धोका सुमारे दोन ते अडीच पट वाढतो, असे जुन्या कौटुंबिक अभ्यासांत आढळले आहे. २०११ साली जपानी स्त्रियांच्या जनुकसंचाच्या पाहणीत धोक्याशी निगडित तीन जागा सापडल्या आणि पुढील दशकात प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या अभ्यासांतून ही संख्या काही डझनांवर गेली. तथापि या प्रत्येक जागेचा परिणाम अल्प आहे. त्यातून जे मिळते तो कल असतो, भवितव्य नव्हे.

कौटुंबिक अभ्यासांचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. एका बहिणीला गाठ निघाली, की दुसरीही तपासणी करून घेते. मग जी गाठ कधीच कळली नसती तीही कागदावर येते. शिवाय ज्या समाजात पन्नाशीपर्यंत दहांतील सात स्त्रियांना गाठ असते, तिथे आई आणि मुलगी दोघींना गाठ असणे हा निव्वळ संख्येचा खेळ असू शकतो. केस पांढरे होणे मायलेकींत सारखे असते, म्हणून त्याला कोणी घराण्याचा आजार म्हणत नाही.

वंशाने येणारा एक प्रकार मात्र निर्विवाद आहे, आणि नेमका त्याचाच उल्लेख मराठी लेखनात क्वचित आढळतो. २००२ साली असे सिद्ध झाले, की पहिल्या गुणसूत्रावरील फ्यूमरेट हायड्रेटेज, संक्षेपाने एफएच, या जनुकातील उपजत बिघाडामुळे काही कुटुंबांत त्वचेवर वेदनादायक छोट्या गाठी, गर्भाशयात लहान वयातच अनेक मोठ्या फायब्रॉइड आणि काही जणांत मूत्रपिंडाचा आक्रमक कर्करोग आढळतो. हे जनुक पेशीच्या ऊर्जानिर्मितीच्या चक्रातील विकर तयार करते. त्याची एक प्रत जन्मतः सदोष असते. गाठीत दुसरीही निकामी होते आणि पेशीत फ्यूमरेट साचत जाते. एकूण फायब्रॉइडमध्ये एफएचचा अभाव असलेल्या गाठी शंभरांत एखाद-दुसरीच असतात आणि त्यांतही अनेकींतील बिघाड कायिकच असतो. परंतु ज्या कुटुंबात तो उपजत आहे, तिथे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा आजीवन धोका सुमारे १५ टक्के मानला जातो आणि दरवर्षी एमआरआय तपासणीची शिफारस केली जाते.

या प्रकाराचे दोन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की हा बिघाड मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. ज्या पुरुषाला गर्भाशयच नाही, तोही हा बिघाड पुढे देऊ शकतो आणि त्याच्या स्वतःच्या मूत्रपिंडालाही तोच धोका असतो. दवाखान्यात ‘आईला होती का?’ एवढेच विचारले, तर वडिलांकडील आत्या, आजी आणि चुलत बहिणी नोंदीबाहेर राहतात. ‘खाण तशी माती’ ही म्हण बहुसंख्य फायब्रॉइडना लागू पडत नाही, आणि जिथे पडते तिथे खाण कोणत्या बाजूची, हे तिला सांगता येत नाही. दुसरा विशेष असा, की येथे गर्भाशय काढल्याने प्रश्न संपत नाही. पिशवी गेली तरी मूत्रपिंडे राहतात, आणि घरातील इतर माणसेही.

५. नवी मुंबईतील ‘कौटुंबिक इतिहास’

कोणताही आजार आनुवंशिक आहे की नाही, हे ठरवण्याचे पहिले साधन म्हणजे कुटुंबाचा इतिहास. तो नवी मुंबईत कसा मिळतो, हे पाहणे उद्बोधक आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील सुमारे ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. मूळचे आगरी-कोळी रहिवासी वगळता येथील बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. वाशीच्या बाजारात काम करणारा साताऱ्याकडचा माथाडी, नेरूळ-सानपाड्यातील नोकरदार, खारघर-कामोठ्यातील नवे रहिवासी या सर्वांच्या मागच्या पिढीचे आजारपण गावी राहिले आहे. मुलीची सोनोग्राफी शहरात होते, तर आईची शस्त्रक्रिया वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी झालेली असते. त्या शस्त्रक्रियेचा कागद सहसा उरलेला नसतो. उरते ते ‘आईचीही पिशवी काढली होती’ हे एक वाक्य.

हे वाक्य केसपेपरवर आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून उतरते. वस्तुतः ते शस्त्रक्रियेचे साक्षीदार आहे, आजाराचे नव्हे. गर्भाशय काढले गेले ते गाठीमुळे, अंग बाहेर आल्यामुळे, पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीमुळे की कर्करोगाच्या भीतीमुळे, हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात ही शंका सैद्धांतिक उरत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. तोडणीच्या हंगामात खाडा झाल्यास द्यावा लागणारा दंड, पाळीच्या दिवसांतील कष्ट आणि खासगी रुग्णालयांतील घाई ही त्यामागील कारणे चर्चेत आली. अशा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबात आई, मावशी आणि मोठी बहीण या तिघींचे गर्भाशय काढलेले असेल, तर त्यावरून जनुकांविषयी काय सिद्ध होते? तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती गाठ नसून शस्त्रक्रियाच असण्याचा संभव अधिक आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशय काढण्याविषयी प्रथमच सविस्तर प्रश्न विचारले गेले. १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के भारतीय स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. अतिरक्तस्राव वा वेदना हे कारण निम्म्याहून अधिक स्त्रियांनी सांगितले, तर गाठीचे कारण सुमारे एक-पंचमांश स्त्रियांनी. दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी ठिकाणी झाल्या होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. गर्भाशय काढणे हा गाठीवरील कायमचा उपाय आहे आणि काही स्त्रियांसाठी तो योग्यही असतो, याविषयी वाद नाही. परंतु ‘तुमच्या घरातच आहे, पुन्हा होणारच’ हा युक्तिवाद त्या उपायाचे समर्थन करू शकत नाही. निर्णयाचा आधार गाठीची जागा, आकार, त्रास, स्त्रीचे वय आणि तिची इच्छा हाच असावा. औषधे, संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन, केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आणि रक्तवाहिनी बंद करण्याची पद्धत हे पर्याय तिच्यासमोर मांडले गेलेच पाहिजेत.

६. दोन बाजूंचे नुकसान

या गोंधळाचे नुकसान दुहेरी आहे. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत ‘आनुवंशिक’ हा शब्द निष्कारण दोष वाटत जातो. आईला वाटते, आपण मुलीला गाठ दिली. मुलीला वाटते, टाळणे आपल्या हाती नव्हते. लग्न जमवताना घराण्यातील आजार लपवण्याची जी रीत आहे, तिच्यात आणखी एका आजाराची भर पडते. शब्दाचा असा उपयोग दैवाच्या जागी विज्ञानाचे नाव लावतो, एवढेच.

मोजक्या कुटुंबांचे नुकसान याहून गंभीर आहे. पंचविशी-तिशीतच अनेक मोठ्या गाठी, थंडीत वा स्पर्शाने दुखणारे त्वचेवरील कण आणि घरात कोणाला कमी वयात झालेला मूत्रपिंडाचा कर्करोग या तीन खुणा एकत्र आल्या, तर जनुकचाचणीचा विचार व्हायला हवा. पण जिथे प्रत्येक गाठीला आनुवंशिक म्हटले जाते, तिथे खरोखर आनुवंशिक असलेली गाठ वेगळी उठून दिसत नाही. काढलेली गाठ विकृतिशास्त्र प्रयोगशाळेकडे गेली, तर विशिष्ट रंजनाने एफएचचा अभाव ओळखता येतो. ती टाकून दिली, तर पुढच्या पिढीचा एकमेव पुरावाही जातो. या बाबतीत नवी मुंबईकर रुग्णाला दूर जावे लागेल, अशी स्थिती नाही. टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था खारघर येथे आहे आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेविषयीचे संशोधन व समुपदेशन हे तिच्या कार्याचे एक अंग आहे. उणीव आहे ती फायब्रॉइडच्या तपासणीपासून तेथपर्यंतच्या रस्त्याची, आणि त्या रस्त्याचा पहिला टप्पा अचूक शब्द हा आहे.

७. समारोप

आरोग्यविषयक मराठी लेखनाने यापुढे दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या वापराव्यात, असे या विवेचनातून सुचते. पेशीत पुढे घडलेल्या बदलासाठी ‘जनुकीय’ किंवा अधिक नेमकेपणे ‘कायिक जनुकीय’ म्हणावे. ‘कायिक पेशी’ ही संज्ञा शालेय विज्ञानाच्या पुस्तकांमुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेच. ‘आनुवंशिक’ हा शब्द आईवडिलांकडून आलेल्या बदलासाठीच राखून ठेवावा. जिथे केवळ कल वारशाने येतो, तिथे ‘कल’ असेच म्हणावे.

दवाखान्यातील संवादासाठी याहून सोपे वाक्यही उपलब्ध आहे. एखादी गोष्ट घराण्यातून आली असे सांगायचे असेल, तर मराठी माणूस ‘ती रक्तातच आहे’ असे म्हणतो. फायब्रॉइडच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः तपासता येतो. एफएचचा उपजत बिघाड रक्ताच्या नमुन्यात सापडतो. एमईडी-१२ मधील बदल सापडत नाही, कारण तो गाठीपुरताच असतो. तेव्हा बहुसंख्य स्त्रियांना ‘हा बदल गाठीत आहे, रक्तात नाही’ एवढे सांगणे शास्त्रदृष्ट्या अचूक ठरेल आणि त्यांच्या मनावरील एक जुने ओझेही उतरवील. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो खरोखर रक्तात आहे, त्यांना ते वेळेवर सांगितले गेले, तर घरातल्या एखाद्या माणसाचा जीव वाचू शकेल.